चांगल्या बाईचा बिल्ला

जनी कोळणीच्या तोंडी लागू नये, हे शिरबंदरात पोरासोरांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या अंबाजी शिपायाला. तो घाटावरचा, बदली होऊन नुकताच आलेला. बंदरावरच्या वासानं पहिले काही दिवस त्याच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती. कोळीवाड्यात संध्याकाळी काय चालतं, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळावं? पण पुढचं सगळं रामायण त्याच्यामुळे घडलं, आणि घडलं ते बरंच झालं.

शिरबंदर म्हणजे थळहून होडीनं थोडं खाली गेलं की लागणारं लहानसं बंदर. किहीमच्या वाड्यांतले नारळ इथून मुंबईला चढायचे, मिठागरांतलं मीठ चढायचं, आणि एवढ्या बळावर गावाला म्युनिसिपालिटी मिळाली होती. म्युनिसिपालिटी आली म्हणजे अध्यक्ष आला. अध्यक्ष होते दाजीसाहेब टिपणीस, वकील. माणूस वाईट नव्हता. फक्त गावाचं भलं कशात आहे हे गावाला न विचारता आपल्याला कळतं, अशी त्यांची पक्की समजूत होती. अशी समजूत असलेला माणूस खऱ्याखुऱ्या वाईट माणसापेक्षा जास्त ताप देतो.

बंदराच्या मागे, मिठाच्या गोदामाला लागून एक गल्ली होती. तिथं नायकिणींची मोजकी घरं. एके काळी तिथं रात्ररात्र गाणं चालायचं. आता गाणं मागं पडलं होतं आणि उरलेला धंदा तेवढा चालू होता. गलबतांवरचे खलाशी यायचे, गुजराती पेढ्यांवरचे मुनीम यायचे, आणि गावातली मंडळी तोंडावर उपरणं घेऊन यायची. गल्लीतली वडीलधारी म्हणजे नीराबाई. चाळिशी ओलांडलेली, अंगानं काटकुळी, आवाज कधी न चढवणारी. तिच्या घरी केसर नावाची एक मुलगी राहत होती. ती तळे गावाकडच्या एका खेड्यातली, भातशेती करणाऱ्या घरातली. गिरणीत काम देतो म्हणून एका दलालानं तिला मुंबईला नेलं आणि एका माडीवर विकलं. तिथून ती पळाली, बोटीत बसली आणि जिथं बोट लागली तिथं उतरली. नीराबाईनं तिला ठेवून घेतली. धंद्याला बसवली नाही. घरात ठेवली, शिवणकाम शिकवलं. गावाच्या हिशेबी मात्र गल्लीत राहते ती गल्लीचीच.

मुंबईत त्या सुमारास कुंटणखान्यांविरुद्ध कायदे होऊ लागले होते. ते वर्तमानपत्रात वाचून दाजीसाहेबांनाही स्फुरण चढलं आणि त्यांनी मारुतीच्या देवळापुढं जाहीर सभा बोलावली. दवाखान्याचे डॉक्टर म्हणाले, या बायकांना परवाने द्या, दर महिन्याला तपासा, म्हणजे रोगराई आटोक्यात राहील. हेडमास्तर म्हणाले, परवाने देणं म्हणजे पापाला सरकारी शिक्का मारणं. त्यापेक्षा त्यांना खाडीपलीकडे घालवून द्या. खादीची टोपी घातलेला एक तरुण उठून म्हणाला, त्यांचा उद्धार केला पाहिजे. कसा, असं कुणीतरी विचारलं तेव्हा तो खाली बसला.

इतक्यात मंडपाच्या कडेला उभी असलेली नीराबाई बोलली.

"साहेब, कायदा करा. आम्हालाही कायदा हवाच आहे. पण जो पोरी फसवून आणतो त्याच्यावर करा. जो विकतो आणि विकत घेतो त्याच्यावर करा. जो कोंडून ठेवतो त्याच्यावर करा. दारात बसलेलीला धरून काय होणार? तिला तिथं आणून बसवणारा तुमच्याच धर्मशाळेत उतरतो आणि सकाळच्या बोटीनं परत जातो."

सभेत कुणी खाकरलं, कुणी हसलं. दाजीसाहेब म्हणाले, "बाई, हा तुमच्याविषयीचा प्रश्न आहे. यात तुम्ही बोलू नये." आणि यात काही चमत्कारिक आहे असं तिथं कुणालाही वाटलं नाही.

जनीलाही वाटलं नाही. ती बायकांत पुढंच बसली होती आणि नियम व्हावा म्हणून केलेल्या अर्जावर सगळ्यांत आधी अंगठा तिनंच उठवला. तिचा राग जुना होता. तिचा नवरा भागोजी, गावातल्या सगळ्यांत मोठ्या होडीचा तांडेल, लग्नानंतर एका शिमग्याला मित्रांच्या नादानं त्या गल्लीत शिरला होता. जनी मागोमाग गेली आणि त्याचा कान धरून त्याला भर रस्त्यानं घरी घेऊन आली. भागोजीनं तेव्हापासून त्या वाटेचं नाव काढलं नाही. जनीनं त्याला माफही करून टाकलं. राग मात्र नीराबाईच्या दाराला चिकटून राहिला. हा न्याय कुठला, असं विचारू नये. नवरा घरात ठेवायचा असतो, मग राग कुठंतरी बाहेर ठेवावा लागतो.

नियम झाला. सूर्य मावळल्यावर जी बाई दारात किंवा ओट्यावर दिवा ठेवून बसेल आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषाला हाकेनं, हातानं अथवा हसून बोलावील, तिला बदचालीची समजून दंड करावा, आणि ती पुन्हा सापडली तर तिला गावाच्या हद्दीबाहेर, खाडीपलीकडे काढावं. दाजीसाहेबांनी तो स्वतः लिहिला. भाषा इतकी चोख साधली होती की कमिटीत वाचून दाखवल्यावर टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कुणीही संध्याकाळी कोळीवाड्यात मासळी घ्यायला गेलेलं नव्हतं. ते काम त्यांचे गडी करत.

कोळीवाड्याची रीत अशी. होड्या येतात भरतीबरोबर, आणि भरती काही बाजाराची वेळ बघून येत नाही. म्युनिसिपालिटीचा बाजार दिवस मावळता बंद. मग संध्याकाळच्या भरतीची मासळी विकायची कुठं? तर कोळणी आपापल्या ओट्यावर बसत. पुढं मासळीचे वाटे, बाजूला चिमणी, म्हणजे कल्ले लाल आहेत की काळवंडलेत ते गिऱ्हाइकाला नीट दिसावं. मिठागरावरचे मजूर, गोदामातले हमाल, माडी पिऊन परतणारे भंडारी, सगळे याच वाटेनं घरी जायचे. त्यांना थांबवायचं तर हाक हवी. नुसती हाक पुरत नाही, दोन शब्द थट्टेचे हवेत. सासूनं सुनेला हे शिकवायचं असतं, आणि जनीच्या सासूनं ते इतकं चांगलं शिकवलं होतं की जनीच्या ओट्यापुढून माणूस रिकाम्या हातानं गेला तर तो बहिरा तरी असे नाहीतर पक्का शाकाहारी.

त्या संध्याकाळी अंबाजी शिपाई नवा नियम तोंडपाठ करून गस्तीला निघाला. त्याला सांगितलं होतं, बंदरामागची गल्ली. अंधार पडत होता, गल्ल्या सगळ्या सारख्या. तो वळला एक वळण अलीकडे, आणि बघतो तो काय, अख्ख्या रस्त्यावर दारोदारी दिवे, दिव्याशेजारी बायका, आणि हाका, हसणं, हातवारे. नियमात लिहिलं होतं तसं, अक्षरशः. इतका अनाचार त्याच्या गावाकडे ऐकिवातसुद्धा नव्हता.

पहिला ओटा जनीचा. तिनं नवा माणूस बघितला आणि हात हलवला. "ये रे शिपाया, ये! घाटावरचा दिसतंस. आसला कदी बगितलास का तुज्या गावाला? येकदा घेऊन जा, मंग रोज येशील!"

तिच्या हातात हातभर लांबीचा रावस होता. पण अंबाजीची नजर शरमेनं खाली गेलेली, त्याला रावस दिसलाच नाही.

"नाव काय तुजं?" तो म्हणाला. "चल चौकीवर."

पुढं चौकीवर काय झालं ते शिरबंदरात अजून सांगतात. जनीनं तोंडाचा पट्टा सोडला तेव्हा जमादार दोनदा बाहेर जाऊन पाणी पिऊन आला. पण अंबाजी हटला नाही. जमादाराला म्हणाला, नियम वाचून बघा. वाचला, तर जनी त्यात पुरती बसत होती. समन्स निघालं. त्यात तिच्या नावापुढं लिहिलं होतं: बदचालीची बाई.

गाव पोट धरधरून हसलं. जनी मात्र घरी आली आणि चुलीपुढं बसून राहिली. तिला रडू येत नव्हतं, तिला भीती वाटत होती. आयुष्यात पहिल्यांदा अशी भीती, की छातीत काहीतरी बसल्यासारखं झालं. पुन्हा सापडली तर खाडीपलीकडे. म्हणजे हा ओटा गेला. आणि ओट्यावर बसली नाही, तर विकायचं काय आणि खायचं काय? दिवा लावायचा तर हद्दपार, न लावायचा तर उपाशी.

"आगो, गंमत झाली म्हनायची न् सोडून द्यायची," भागोजी म्हणाला.

"तुजी गंमत झाली," जनी म्हणाली. "कागुद माज्या नावाचा हाय."

दोनतीन दिवस कोळीवाड्यात संध्याकाळी दिवे लागले नाहीत. म्हणजे गावात ताजी मासळी मिळाली नाही. दाजीसाहेबांच्या घरीही मिळाली नाही, आणि टिपणिसांच्या घरात ताटात मासळी नसली की घरातली माणसं काय बोलतात ते त्यांनाच ठाऊक. चौथ्या दिवशी म्युनिसिपालिटीनं तोड काढली. हमालांना असतात तसे पितळेचे बिल्ले करायचे. चांगल्या चालीच्या मासेवालीला बिल्ला मिळेल. तो लावून बसलेलीला शिपाई हात लावणार नाही. जनीवरचा खटला आता महालाचे मॅजिस्ट्रेट, महालकरी साहेब, यांच्या कचेरीत गेलेला होता, पण तोही तिथल्या तिथं मिटेल. तिनं फक्त साहेबांसमोर उभं राहून म्हणायचं, मी चांगल्या चालीची आहे. संपलं.

जनी म्युनिसिपालिटीत गेली. भागोजीनं हमी दिली, कारकुनानं बिल्ला हातात ठेवला. चकचकीत, नवाकोरा. जनीनं तो चोळीला लावला आणि खोटं कशाला सांगायचं, तिला छान वाटलं. छातीतलं ते बसलेलं उठून गेलं. आपण चांगल्या आहोत हे आता पितळेवर होतं.

तिच्या मागं काशी उभी होती. काशी विधवा. नवरा वादळात गेलेला, मूल नाही, एकटी राहायची, आणि हसायची अशी की समुद्रावर ऐकू जावं. कोळीवाड्यात एखादं घर सुतकात असलं की शेवटच्या दिवशी काशीला बोलवायचे, म्हणजे घर पुन्हा हसायला लागायचं.

"हमी कोण देणार?" कारकुनानं विचारलं.

काशीनं मागं बघितलं. दीर होता, तो दाराकडे बघू लागला. तिथं बसलेल्या कमिटीच्या मेंबरांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण हळूच म्हणाला, "एकटी राहते. आणि हसणं जरा... चौकशी करावी लागेल." काशीच्या मागं राही होती. तिचा नवरा मुंबईच्या गोदीत गेला तो परतलाच नव्हता. तिच्याबद्दलही चौकशी करावी लागणार होती.

काशीनं पदर तोंडावर दाबून धरला. जनीला आधी वाटलं ती रडते आहे. मग कळलं, ती आपलं तोंड झाकते आहे. आपलं हसणं ही उघड्यावर पडलेली वस्तू असावी, तसं ती ते लपवत होती.

जनीनं ते बघितलं. ती बाहेर आली, घरी न जाता सरळ चालत सुटली, आणि पाय कुठं नेताहेत हे तिला मिठाच्या गोदामाशी आल्यावर कळलं. भागोजीचा कान धरून बाहेर पडली होती, त्यानंतर ती या गल्लीत आज पहिल्यांदाच येत होती.

नीराबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं जनीच्या चोळीवरचा बिल्ला पाहिला आणि सूप बाजूला ठेवलं. "या जनीबाई. भांडायला आलात?"

"ठावं न्हाय," जनी म्हणाली, आणि ओट्यावर बसली. बसल्यावर तिला काय बोलावं सुचेना, तेव्हा तिनं काशीचं सगळं सांगून टाकलं.

"तुला बी समन हाय म्हने," शेवटी जनी म्हणाली.

"मलाही आहे, केसरलाही आहे. तुमच्याच दिवशी. केसरनं दारात दिवा लावला, गलबतावरच्या एका माणसानं वाट विचारली, तिनं हात करून दाखवली. झालं." नीराबाईनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "तुम्ही सांगा, मी चांगली. सुटाल. मला त्याचा राग नाही येणार."

"आन् तू काय सांगशील?"

"मला विचारणारच नाहीत. माझं आधीच ठरलेलं आहे." तिनं आत बघितलं. आत केसर पाठमोरी बसून शिवत होती. "माझं मी बघून घेईन हो. पण पुढच्या खेपेला या पोरीला खाडीपलीकडे काढतील. तिथं वस्ती नाही, शिपाई नाही, काही नाही. तिला विकणाऱ्याची होडी तिथंच लागते, जनीबाई. तो अजून तिला शोधतो आहे. नियमाला तो दिसत नाही, आणि त्याला ही आयती सापडते."

जनी उठली. गल्लीच्या टोकाशी आल्यावर तिनं चोळीचा बिल्ला काढला आणि कनवटीला खोचला.

खटल्याच्या दिवशी महालकरी साहेबांच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोळणी पहाटेची मासळी घेऊन थेट किनाऱ्यावरून आल्या होत्या. भरलेल्या पाट्या व्हरांड्यात मांडून ठेवलेल्या. वर कावळे, खाली मांजरं, आणि आत बोंबलाचा असा दरवळ की साहेबांनी रुमाल नाकाला लावला तो लावलाच. ते म्हातारे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ होते. त्यांना हे सगळं लवकर मिटवून घरी जायचं होतं.

"जनी भागोजी," ते म्हणाले, "तुझ्याबद्दल म्युनिसिपालिटीची काही तक्रार नाही. चूक झाली ती शिपायाची. तू चांगल्या चालीची बाई आहेस ना? हो म्हण, मी सोडतो."

जनी उभी राहिली. भागोजी मागून कुजबुजला, "व्हय म्हन गो."

"न्हाय सांगनार," जनी म्हणाली.

साहेबांना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"त्ये मी न्हाय सांगनार, सायेब. मी केला काय त्ये इचारा. दिवा लावला? लावला. हाका मारल्या? मारल्या. या तुमच्या शिपायाला बी मारली. हासले का? लय हासले. त्यात गुन्हा आसंल तर दंड घाला. पन मी चांगली का वायट, ह्ये मी इथं उबी ऱ्हाऊन कोनाला कशाला सांगू? मी चांगली हाय म्हनून सुटले, तर काशी वायट ठरते. तिला नवरा न्हाय म्हनून. राही वायट ठरते. तिचा नवरा पलाला, न् नाव हिचा खराब!" तिनं कनवटीचा बिल्ला काढला आणि टेबलावर ठेवला. "ह्यो घ्या. आज नवरा हाय म्हनून माज्याकडं हाय. उंद्या दर्यानं नवरा नेला, तर दुसऱ्या दिवशी मी वायट व्हनार काय?"

दाजीसाहेब उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "साहेब, ही भावनेची गोष्ट नाही. मासे विकणं वेगळं आणि त्या गल्लीतला व्यवहार वेगळा. कोळणींना आम्ही वगळायला तयार आहोत. नियम त्या दुसऱ्या बायकांसाठी आहे."

"दुसऱ्या म्हंजे ही?" जनीनं भिंतीशी उभ्या असलेल्या नीराबाईकडे हात केला. "तिनं बी दिवाच लावला न्हवं? माज्या दिव्यातला तेल न् तिच्या दिव्यातला तेल येकाच दुकानातला हाय. तिच्या घरात काय चालतं त्ये मला ठावं हाय. माज्या नवऱ्याचा कान धरून मीच बाहेर काढलाय!" कचेरीत हशा उसळला आणि भागोजीनं मान खाली घातली. "पन मी कान कोनाचा धरला? नवऱ्याचा. चालत गेला व्हता तो. तुमी नियम केलात, त्यात चालत जानारा कुटं हाय?"

हशा थांबला. महालकरी साहेबांनी रुमाल खाली घेतला. ते पहिल्यांदाच नीट सावरून बसले. "अंबाजी," ते म्हणाले, "नीराबाईच्या दारात तू कुणा पुरुषाला पाहिलंस?"

अंबाजी साधा माणूस होता. खोटं बोलायला लागणारी चलाखी त्याच्यात नव्हती. "पायला, सायेब."

"एकाला?"

"रोज येगळं असत्यात, सायेब."

"मग त्यांच्यावर समन्स का नाही?"

"नियमात पुरुस न्हाई, सायेब," अंबाजी म्हणाला. "मी चारदा वाचलाय."

कचेरीत बसलेल्या काही सभ्य गृहस्थांनी आपापली उपरणी नीट केली. कुणी छताकडे बघू लागलं. नाव कुणाचं निघालं नाही, आणि काढायची गरजही कुणाला वाटली नाही.

तेवढ्यात मागून काशीचा आवाज आला. "सायेब, मला बी लिवा. मी बी दिवा लावते." मग राहीचा, "मला बी." मग एकेक करत सगळ्या कोळणी उभ्या राहिल्या. मला लिव, मला लिव, असा गलका झाला. कारकुनाची लेखणी दौतीत तशीच राहिली. ज्यांच्या चोळ्यांना बिल्ले होते त्यांनी ते काढून टेबलावर टाकले. पितळेचा खणखणाट ऐकून बाहेरचे कावळे उडाले.

नीराबाई भिंतीशी उभीच होती. जनी तिच्याकडे वळली. "बोल गो. तवा सभेत बोललीस त्ये परत बोल. आता कोन थांबवतो बगते मी."

आणि नीराबाई बोलली. तिनं केसरला पुढं घेतलं, दलाल कसा येतो, कुठं उतरतो, खेड्यापाड्यांत पोरींना काय सांगून नेतो, कुठल्या वाटेनं नेतो, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. केसरनंही आपलं सांगितलं, खाली मान घालून, पण अडखळली नाही. साहेबांनी कारकुनाला खूण केली आणि तो प्रत्येक शब्द लिहून घेऊ लागला. गल्लीतल्या बाईचं बोलणं त्या कचेरीत लिहून घेतलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

साहेबांनी टेबलावरचे बिल्ले एका बाजूला सारले. मग म्हणाले, "या नियमात बाईनं काय केलं हा प्रश्नच नाही. ती कोण आहे, एवढंच विचारलं आहे. त्याचं उत्तर द्यायला ही बाई तयार नाही, आणि ते विचारायचा अधिकार मला आहे असं मलाही आता वाटत नाही. सगळे खटले काढून टाकतो. नीराबाईचाही आणि या मुलीचाही. नियम कलेक्टर साहेबांकडे परत पाठवतो. टिपणीस, तुम्हाला नियम करायचाच असेल तर या दोघींनी आत्ता जे सांगितलं ते ऐकून करा. त्या दलालाची होडी खाडीपलीकडे लागली तर हा अंबाजी रिकामाच आहे."

दाजीसाहेब उठून उभे राहिले. सगळ्यांना वाटलं, आता वाद घालतील. त्यांनी बिल्ल्यांच्या ढिगाकडे बघितलं, काशीकडे बघितलं, मग नीराबाईकडे. "सभेत मी तुम्हाला बोलू दिलं नाही," ते म्हणाले. "पुढच्या मंगळवारी कमिटीपुढं या. खुर्ची असेल." पुढल्या नियमात बाईचा दिवा नव्हता, पोरी आणणारा होता, विकणारा होता, कोंडणारा होता. त्या नियमाला टाळ्या पडल्या नाहीत. पण खाडीपलीकडे लागणारी ती होडी एका सकाळी अंबाजीनं धरली, आणि हा नियमसुद्धा त्याला तोंडपाठ होता.

कचेरीतून कोळणी बाहेर पडल्या त्या मान खाली घालून गेल्या नाहीत. व्हरांड्यात येऊन एकच आरडाओरडा, हसणं, एकमेकींच्या पाठीवर थापा. काशी इतकी मोठ्यानं हसली की समोरच्या दुकानातला वाणी दचकून बाहेर आला. भागोजी लांब उभा होता. सगळ्या गावासमोर त्याच्या कानाचा उद्धार झाला होता, पण बायकोकडे बघताना त्याचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्याला लाज वाटत नव्हती.

ऊन वर आलं होतं, मासळी अजून विकायची होती. ज्या त्या बाईनं आपली पाटी शोधली. भरलेली पाटी एकटीला डोक्यावर घेता येत नाही. समोरून दुसरीनं हात लावावा लागतो. कोळीवाड्यात हात कुणाचा घ्यायचा हे ठरलेलं असतं, बहिणीचा, जावेचा, शेजारणीचा. भांडण झालं की आधी तो हात सुटतो. गल्लीतल्या बाईचा हात कोळणीच्या पाटीला कधी लागल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

नीराबाई केसरला घेऊन पायऱ्या उतरत होती. पदर नीट करून, नेहमीसारखी भिंतीच्या कडेकडेनं.

"ये नीराबाय!" जनीनं हाक मारली. भर दुपारी, भर रस्त्यात, सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशी. "कुटं चाललीस? माजी पाटी कोन उचलनार?"

नीराबाई थांबली. तिनं इकडंतिकडं बघितलं. बाकीच्या बायका थांबल्या होत्या, राहीही, काशीही. सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या आणि कुणी जागचं हललं नाही. राहीचा हात जनीच्या पाटीपर्यंत आलेला होता, तो नीराबाईला जागा करून देत तिनं मागं घेतला.

नीराबाई पुढं आली. दोघींनी पाटीच्या दोन्ही कडा धरल्या, आणि जनी म्हणाली, "हां, उचल!"